रस आणि चोथा

आमरस, उसाचा रस आणि साहित्यातले नवरस, एवढ्या रसांवर माझं आयुष्य बरं चाललं होतं. अलीकडे नात्यातल्या घरांत एक नवा रस आला आहे. तो हिरवा किंवा लालभडक असतो, सकाळी उपाशीपोटी घ्यायचा असतो आणि त्याचं काम एकच, वजन उतरवणं. कुणी दुधीचा घेतं, कुणी कोहळ्याचा, कुणी गाजर-बीट-सफरचंदाचा. एका भाचीने तर चौदा दिवस जेवण बंद ठेवून नुसत्या रसावर राहायचं ठरवलंय आणि "मावशी, तुझं काय मत?" असं विचारलंय. मी काही डॉक्टर नाही. मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. पण एखादी गोष्ट कुठून, कशी आणि कुणामार्फत आपल्यापर्यंत आली हे कळलं, की तिच्यावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवायला सोपं जातं. म्हणून जरा मागे जाऊन पाहिलं. जे सापडलं ते भाचीसाठी, आणि मंडळी, तुमच्यासाठीही लिहिते आहे.

रसाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "अगं, आयुर्वेदात सांगितलंय!" सांगितलंय, खरंच. वनस्पतीपासून औषध करायचे पाच मूळ प्रकार आयुर्वेदात आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. म्हणजे पिळून काढलेला रस, वाटून केलेला गोळा, काढा, थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी आणि गरम पाण्यात टाकून गाळलेलं पाणी. या पाचांत स्वरस सगळ्यात जड मानला आहे. शार्ङ्गधरसंहितेत त्याचं मापही दिलंय: स्वरस पचायला जड, म्हणून तो अर्धा पल घ्यावा. पल म्हणजे चार तोळे. अर्धा पल म्हणजे दोन तोळे, आजच्या हिशेबाने पंचवीस ग्रॅमच्या आत. हल्ली ज्या उंच पेल्यातून रस पितात त्यात अशा दहा मात्रा बसतील.

आणि लठ्ठपणाचं काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचा विचार केलेला आहे. तिथे एक फार मार्मिक तत्त्व आहे. स्थूल माणसाला पचायला जड, पण अंगी न लागणारं अन्न द्यावं. म्हणजे पोट भरलेलं राहील आणि शरीर मात्र झडेल. पुढे यादी आहे: जव, सावे, कोद्रू, मूग, कुळीथ, तूर, आवळा. सोबत व्यायाम आणि जागरण हळूहळू वाढवायला सांगितलंय, आणि चिंतनसुद्धा! (चिंतेने माणूस वाळतो हे आपल्या आज्यांना माहीत होतंच.) काही औषधांबरोबर वनस्पतींचे रस येतात, पण जेवण बंद करून रसावर राहा असं तिथे नाही. उलट सगळा भर आहे तो चावून खायच्या, भरड, चोथा असलेल्या धान्यांवर. तेव्हा चौदा दिवसांच्या रसाचं पितृत्व आयुर्वेदाला देता येत नाही.

मग ते कुणाचं? त्यासाठी समुद्रावर जावं लागतं. पूर्वी लांबच्या सफरींत खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, अंगावर डाग पडायचे आणि माणसं पटापट मरायची. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टरने ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ती दोघं सहा दिवसांत उभी राहिली. सहाच दिवस, कारण तेवढ्यात फळंच संपली! रसाच्या इतिहासातली अडचण इथेच दिसते. फळ टिकत नाही. लिंडने मग रस आटवून घट्ट पाक करायचा उपाय सुचवला, पण आटवताना त्यातला गुणच बराचसा जायचा. अखेर १७९५ मध्ये ब्रिटिश आरमाराने खलाशांना लिंबाचा रस द्यायचं ठरवलं आणि स्कर्व्ही आटोक्यात आला. त्यातला गुण म्हणजे क जीवनसत्त्व, हे कळायला १९३० चं दशक उजाडलं. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की खलाशी बरे झाले ते अख्खी फळं मिळाली म्हणून. बोटीवर फळं टिकेनात म्हणून रस आला. ती सोय होती.

या सोयीचा व्यापार झाला अमेरिकेत. १८६९ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावात टॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने द्राक्षाचा रस पाश्चरच्या पद्धतीने तापवून बाटलीत भरला. चर्चमधल्या प्रसादासाठी बिनदारूचा द्राक्षरस हवा, हा त्याचा हेतू होता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात संत्र्यांचं पीक इतकं वाढलं की भाव कोसळले आणि बागाईतदार झाडं तोडू लागले. त्यांच्या सहकारी संघाचा माल ‘सनकिस्ट’ नावाने विकला जायचा. जाहिरातीची जबाबदारी होती अल्बर्ट लास्करकडे. १९१६ च्या सुमाराला त्याच्या कंपनीने लोकांना सांगायला सुरुवात केली की संत्रं खाऊ नका, प्या! सोबत काचेचा स्वस्त रसकाढणाही विकला. यातली मेख घरात रस काढणाऱ्या कुणालाही समजेल. संत्रं सोलून खाल्लं तर माणूस एकावर थांबतो. पेलाभर रसाला तीन-चार लागतात. झाडं वाचली, सकाळच्या नाश्त्याला संत्र्याचा रस ही रीत पडली, आणि ती आरोग्याची रीत म्हणून जगभर गेली.

गंमत म्हणजे त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत आरोग्याचं वेड वेगळ्याच दिशेने चाललं होतं. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी १९०४ मध्ये आरोग्यधाम काढलं. तिथे रोग्यांना सफरचंद साल-बियांसकट किसून, भिजवलेल्या ओटमध्ये घालून देत. आज ज्याला म्यूस्ली म्हणतात ते हेच. अमेरिकेत होरेस फ्लेचर हा श्रीमंत गृहस्थ, वजनामुळे विमा नाकारला गेला म्हणून, प्रत्येक घास तोंडात पार विरघळेपर्यंत चावू लागला आणि त्याचं वजन उतरलं. त्याच्या नादाने हजारो लोक घास मोजून चावू लागले. दूधसुद्धा तोंडात घोळवून प्यायचे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बारीक होण्याचा मंत्र होता ‘चावा’. आज मंत्र आहे ‘चावू नका’. इतिहास शिकवताना मुलांना हेच सांगायची मी, की जुन्याच्या अगदी उलट काही आलं की ते नवीन शोध वाटू लागतं.

‘चावू नका’ हा मंत्र लोकप्रिय करणाऱ्यांत नॉर्मन वॉकर हे मोठं नाव. कच्च्या भाज्यांच्या रसावरचं त्यांचं पुस्तक १९३६ मध्ये आलं आणि आजही विकलं जातं. कोणता रस कोणत्या दुखण्यावर, याची त्यात जंत्री आहे. त्यांच्या मते भाजीतल्या तंतूत पोषण जवळजवळ नाही, खरं पोषण रसात. रस काढायचं यंत्रही त्यांनी केलं. आधी भाजी दळायची, मग कापडातून दाबाने पिळायची. त्यांचे भक्त सांगत की वॉकर ११८ वर्षं जगले. प्रत्यक्षात जन्म १८८६ चा, मृत्यू १९८५ चा. म्हणजे ९९ वर्षं. अहो, ९९ हे काय थोडं झालं? पण दंतकथेला तेवढ्याने समाधान होत नाही.

त्यानंतरची गोष्ट गंभीर आहे. स्टॅनली बरोज याने लिंबाचा रस, मेपलच्या झाडाच्या चिकाचा गोड पाक, लाल मिरचीची पूड आणि पाणी एवढ्यावर दहा किंवा जास्त दिवस राहायचा उपचार काढला. त्याचं पुस्तक १९७६ मध्ये निघालं. ‘शरीर आतून धुऊन निघतं’ ही भाषा तिथलीच. पुढे रक्ताचा कर्करोग झालेला एक चोवीस वर्षांचा तरुण त्याच्याकडे आला. तीस दिवस हेच सरबत, रंगीत दिवे आणि मालिश असा उपचार झाला आणि तो तरुण गेला. खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९८४ मध्ये न्यायालयाने खुनाचा ठपका रद्द केला, पण परवान्याशिवाय कर्करोगावर उपचार केल्याचा दोष कायम ठेवला. एवढं होऊनही ते सरबत मेलं नाही. २००६ मध्ये बियॉन्से या गायिकेने एका चित्रपटासाठी त्यावर वजन उतरवल्याचं सांगितलं आणि ते पुन्हा जगभर फिरलं. आपल्याकडे मेपलच्या जागी मध आला एवढाच फरक.

मधल्या काळात दूरचित्रवाणी आली होती. ‘ज्यूसमॅन’ म्हणून ओळखले जाणारे जे कॉर्डिच आणि व्यायामपटू जॅक लालेन यांनी अर्धा-अर्धा तास चालणाऱ्या जाहिरातींतून घराघरांत ज्यूसर पोचवले. लालेन २०११ मध्ये ९६ व्या वर्षी वारले आणि शेवटपर्यंत ताठ होते. पण ते रोज दोन तास व्यायाम करत. विकत मिळत होतं फक्त यंत्र. दोन तास कुठल्या दुकानात मिळणार? मग २०१० मध्ये जो क्रॉस या ऑस्ट्रेलियन उद्योजकाचा माहितीपट आला. साठ दिवस नुसत्या रसावर राहून त्याने सदतीस किलोच्या आसपास वजन घटवलं. चौदा, एकवीस, साठ अशा दिवसांच्या व्रतांना त्याने मोठा जोर मिळाला. त्याच माहितीपटात एक ट्रकचालकही होता. त्याने तर त्याहून जास्त वजन उतरवलं. २०१४ च्या दुसऱ्या भागात मात्र त्याचं वजन पुन्हा वाढलेलं दिसतं. ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही.

आता घरी येऊ. आपल्याकडे रस आणि उपास यांची सांगड घट्ट बसली ती पुणे परिसरात. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करारानंतर गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सोडलं ते कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन. १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमधल्या एकवीस दिवसांच्या उपोषणात पाणी पोटात ठरेना, तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस मिसळून ते घेऊ लागले. आजही कुणी पुढारी उपोषण सोडतो तेव्हा मोसंबीचा पेला पुढे येतो, तो याच परंपरेने. पण त्या उपासांचा वजनाशी काय संबंध? तिथे रस होता प्राण टिकवण्यापुरता, आणि भोवती डॉक्टर बसलेले. १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी तो वाढवला. वजन कमी करायला लोक आजही तिथे जातात. रस तिथेही असतो, पण सोबत चालणं, योगासनं, बेताचं जेवण आणि तपासणारे डॉक्टर असतात. घरी आपण त्यातला पेला तेवढा उचलतो.

आणि आता चोथ्याबद्दल. वॉकरनी ज्यात पोषण नाही म्हटलं त्या चोथ्याचे दिवस १९७० च्या दशकात पालटले. डेनिस बर्किट हे युगांडात काम केलेले शल्यविशारद. भरड, तंतुमय अन्न खाणाऱ्या तिथल्या लोकांत पाश्चात्त्यांचे कितीतरी आजार दिसतच नाहीत, हे त्यांनी जगाला सांगितलं. १९७७ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचा लगदा आणि एकदा रस दिला. साखर तिन्हींत सारखी. रस सफरचंदांपेक्षा अकरापट वेगाने पोटात गेला, भूक सगळ्यात कमी भागली, इन्शुलिन जास्त उसळलं आणि नंतर रक्तातली साखर जास्त खाली गेली. म्हणजे पुन्हा भूक! २०१३ मध्ये अमेरिकेत पावणेदोन लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अख्खी ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंदं खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी आढळला आणि रोज फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये फळांच्या रसातली साखर चक्क ‘कमी करा’ म्हटलेल्या साखरेत मोजली. फळातली साखर त्यात धरली नाही. चरकांच्या ‘जड, पण अंगी न लागणारं’ या तत्त्वाची मला इथे फार आठवण झाली.

"पण मावशी, वजन तर उतरतंच ना?" उतरतं. नाही म्हणणार नाही. शरीरात पाव ते अर्धा किलो साखर साठवलेली असते आणि तिच्यासोबत तिप्पट पाणी असतं. जेवण बंद झालं की पहिल्या चार-पाच दिवसांत हा साठा संपतो आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. तो आकडा पाहून उत्साह वाढतो. पुढे रसात प्रथिनं जवळजवळ नसल्याने चरबीबरोबर स्नायूही झडतात. पोळी-भात सुरू झाला की पाणी आठवड्यात परत येतं, चरबीही सावकाश येते. स्नायूंना मात्र कष्ट लागतात, आणि आमच्या वयात तर ते येता येत नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख मी लिहिलाही नसता. म्हटलं असतं, करू देत हौस. पण दुधीची गोष्ट सांगायला हवी. दुधी, काकडी, दोडका, घोसाळं ही एकाच कुळातली मंडळी. यांच्यात कुकरबिटॅसिन नावाचं अतिशय कडू विष असू शकतं. एरवी नगण्य असतं, पण एखादा दुधी कडूजहर निघतो. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीच्या कडू रसाने मृत्यू झाला. त्यांनी त्यात कारल्याचा रस मिसळलेला होता. कारल्याच्या कडवटपणात दुधीचा कडवटपणा कसा ओळखू येणार? त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचं म्हणणं अगदी साधं होतं: रस काढण्याआधी दुधीची फोड चाखून पाहा, कडू लागली तर अख्खा दुधी फेका, त्यात दुसरा रस मिसळू नका आणि प्यायल्यावर उलटी, जुलाब, पोटदुखी झाली तर तडक रुग्णालयात जा. या विषावर उतारा नाही.

आमची आई दुधी चिरताना पहिली चकती जिभेला लावून बघायची. काकडीचं टोक कापून घासायची आणि मग तुकडा चाखायची. तिला कुकरबिटॅसिन माहीत नव्हतं. भाजी करताना हात आणि जीभ दर टप्प्याला मध्ये येतात, आणि कडू घास माणूस थुंकून टाकतो. ‘औषध कडूच असतं’ म्हणून नाक दाबून गटागटा प्यायलं, की जिभेचा हा पहाराच उठतो. रसाने जशी भूक फसते तशी जीभही फसते.

तेव्हा नात्यातल्या सगळ्यांना हात जोडून तीन गोष्टी सांगते. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी रसाच्या भरवशावर बंद करू नका, आणि गोळी चालू ठेवून जेवण बंद करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. मूत्रपिंड अधू असेल तर पालक-बीटच्या पेल्यांपासून लांब राहा. पालकातल्या ऑक्झलेटने, रोजच्या हिरव्या रसापायी, मूत्रपिंडं बंद पडल्याच्या घटना वैद्यकीय मासिकांत नोंदलेल्या आहेत. आणि कडू दुधी कुठल्याही रूपात पोटात जाऊ देऊ नका.

बाकी कधीतरी पेलाभर मोसंबीचा रस प्यायल्याने काही बिघडत नाही. उन्हातून आल्यावर उसाचा रस मीही घेते, आणि आमरस तर आमरसच. फक्त त्याला औषध म्हणू नये. वजनाची काळजी असेल तर आपल्या ताटाची डावी बाजू जरा नीट वाढून घ्यावी. तिथे कोशिंबीर असते, साल-बियांसकट, चोथ्यासकट, चावून खायची. आणि वरच्या बाजूला लिंबाची फोड असते. ती वरणभातावर पिळली की जेमतेम चमचाभर रस निघतो. शार्ङ्गधराच्या दोन तोळ्यांच्या आतच बसतो तो.